रक्ताच्या थेंबाचा तराजू : मास स्पेक्ट्रोमेट्री, मेटॅबोलोमिक्स आणि खानदेशातील सिकलसेल

तापीच्या खोऱ्यातील कापूस आणि केळी ही खानदेशची सर्वपरिचित ओळख आहे. मात्र याच खोऱ्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या रांगा उभ्या आहेत. धुळे जिल्ह्यातील शिरपूर आणि जळगाव जिल्ह्यातील चोपडा, यावल व रावेर या तालुक्यांची उत्तर सीमा या डोंगरांना भिडते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हाही याच पट्ट्यातला. येथील भिल्ल, पावरा आदी आदिवासी समाजांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक रक्तदोष म्हणजे सिकलसेल. महाराष्ट्रातील या आजाराचा आयुष्यभर अभ्यास करणारे पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार भिल्ल, पावरा, माडिया, परधान आणि ओतकर या जमातींत सिकलसेलच्या वाहकांचे प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत आढळते.

या आजारासंबंधी वैद्यकशास्त्रापुढे दोन प्रश्न आहेत. आजार कोणाला आहे, हे जन्मतःच कसे ओळखावे, हा पहिला. आणि दोष एकच असताना एका रुग्णाला तो वारंवार अंथरुणाला खिळवतो, तर दुसऱ्याला तुलनेने सुसह्य ठरतो, असे का, हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधताना आज एकाच यंत्राचा आधार घेतला जातो. ते यंत्र म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजेच रेणूंचे वस्तुमान मोजणारा तराजू.

एका अमिनो आम्लाची अदलाबदल

तांबड्या रक्तपेशीतील हिमोग्लोबिन हे प्रथिन फुप्फुसातून प्राणवायू घेऊन शरीरभर पोहोचवते. प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार साखळ्या असतात. सिकलसेलमध्ये बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल येते. या एवढ्याशा बदलामुळे प्राणवायू सोडून दिलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब धागे तयार करतात आणि गोल, लवचिक पेशी विळ्याच्या आकाराची व ताठर होते. अशा पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडे, छाती, पोट यांत असह्य वेदना उठतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. त्यामुळे रक्तक्षय कायमचा पाठीशी लागतो.

हा आजार रेणूंच्या पातळीवरचा आहे हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले. पुढे १९५६ मध्ये केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी ट्रिप्सिन या पाचकद्रव्याने हिमोग्लोबिनचे तुकडे केले, ते कागदावर वेगळे केले आणि नेमका कोणता तुकडा बदललेला आहे हे शोधून काढले. भारतात या आजाराची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींमध्ये झाली. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकाला स्वतःला सहसा त्रास होत नाही. म्हणूनच दोष घरात असूनही अनेक कुटुंबांना त्याचा पत्ता नसतो.

रेणूंचे वजन कसे होते?

रेणू कोणत्याही नेहमीच्या काट्यावर ठेवता येत नाही. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये त्याला आधी विद्युतभार दिला जातो आणि मग निर्वात नळीतून विद्युत वा चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने पळवले जाते. हलके रेणू लवकर पोहोचतात वा अधिक वळतात, जड रेणू मागे राहतात वा कमी वळतात. या फरकावरून वस्तुमान आणि विद्युतभार यांचे गुणोत्तर मिळते. जे. जे. थॉमसन यांच्या प्रयोगांतून हे तंत्र जन्मले आणि त्यांचे सहकारी फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी १९१९ मध्ये त्याला काटेकोर रूप दिले. या कार्यासाठी अ‍ॅस्टन यांना १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रथिनांसारखे मोठे, नाजूक रेणू मात्र दीर्घकाळ या तंत्राच्या आवाक्याबाहेर होते, कारण भार देतानाच त्यांचे तुकडे होत. १९८० च्या दशकात ही अडचण दोन मार्गांनी सुटली. अमेरिकेचे जॉन फेन यांनी द्रावणाचे विद्युतभारित तुषार उडवून, तर जपानचे कोइची तनाका यांनी लेसरच्या सौम्य झोताने प्रथिने अखंड स्थितीत उडवून दाखवली. दोघांनाही २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. वैद्यकीय संशोधनात हे यंत्र सर्वत्र पोहोचले ते त्यानंतरच.

सिकलसेलपुरते बोलायचे तर हिशेब सरळ आहे. बीटा साखळीचे वस्तुमान सुमारे १५,८६७ एकक असते. एक एकक म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूइतके. सिकलसेलच्या बीटा साखळीचे वस्तुमान सुमारे १५,८३७ भरते. फरक अवघा ३० एककांचा, म्हणजे एक क्विंटल कापसात सुमारे १९० ग्रॅमचा. हा फरक आणखी स्पष्ट करण्यासाठी आजही इन्ग्रॅम यांनी वापरलेले ट्रिप्सिनच कामी येते. त्याने साखळी कापली की पहिला तुकडा आठ अमिनो आम्लांचा निघतो. निरोगी व्यक्तीत तो ९५२ च्या आसपास दिसतो, सिकलसेलमध्ये ९२२ च्या आसपास. वाहकाच्या रक्तात दोन्ही तुकडे आढळतात. कागदावरच्या ठशांवरून जे ओळखायला इन्ग्रॅम यांना दीर्घ परिश्रम पडले, ते यंत्र काही मिनिटांत आकड्याने सांगते.

प्रश्न नवजात बालकाचा

सिकलसेलचे निदान करण्यासाठी एवढे महागडे यंत्रच हवे असे मुळीच नाही. गावपातळीवर विद्राव्यता चाचणी केली जाते. नळीतील द्रावण गढूळ झाले तर सिकल हिमोग्लोबिन आहे असे समजून पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा द्रव क्रोमॅटोग्राफीच्या चाचणीने खात्री केली जाते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेने ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे आणि २०४७ पर्यंत या आजाराचे सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने निर्मूलन करण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्या मोहिमेचा पायाही अशाच सोप्या चाचण्यांवर उभा आहे.

अडचण येते ती तान्ह्या बाळाच्या बाबतीत. जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तात बहुतांश गर्भस्थ हिमोग्लोबिन असते. त्यात बीटा साखळीऐवजी गॅमा साखळी असते. सिकल हिमोग्लोबिन थोडेच असल्याने पहिल्या सहा महिन्यांत विद्राव्यता चाचणी विश्वासार्ह ठरत नाही. आणि नेमक्या याच वयापासून बाळाला संसर्गाचा धोका सुरू होतो. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत सिकलसेलग्रस्त लहान मुलांना दिवसातून दोन वेळा पेनिसिलिन दिल्यावर न्यूमोकॉकस जंतूच्या गंभीर संसर्गाचे प्रमाण ८४ टक्क्यांनी घटले. उपाय स्वस्त आहे, मात्र तो वेळेवर द्यायचा तर आजार त्याआधी कळायला हवा.

येथे मास स्पेक्ट्रोमेट्रीचा खरा उपयोग दिसतो. बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब टीपकागदावर वाळवून टपालाने पाठवता येतात. त्यातील एका छोट्या चकतीवरून थोड्याशा सिकल हिमोग्लोबिनचीही नोंद यंत्र घेऊ शकते. याच कागदावरून चयापचयाचे अनेक जन्मजात विकारही ओळखता येतात. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात डेव्हिड मिलिंग्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास ही पद्धत पुढे आणली. बेल्जियममधील लिएज येथे आणि इंग्लंडमधील काही प्रयोगशाळांत सिकलसेलसाठी तिचा वापर करण्यात आला. अर्थात नवजात तपासणी द्रव क्रोमॅटोग्राफीनेही होऊ शकते. नमुन्यांची संख्या फार मोठी असेल आणि एका थेंबातून अनेक उत्तरे हवी असतील, तेव्हा मास स्पेक्ट्रोमेट्रीचे पारडे जड ठरते.

दोष एक, दुखणी निरनिराळी

आता दुसरा प्रश्न. सर्व रुग्णांत जनुकातील चूक अगदी तीच असते. तरीही आजाराची तीव्रता सारखी नसते. गर्भस्थ हिमोग्लोबिन कोणाच्या रक्तात अधिक उरले आहे, सोबत थॅलेसेमियाचा दोष आहे काय, यावर बरेच अवलंबून असते. भारतीय रुग्णांत आढळणाऱ्या अरब-भारतीय जनुकप्रकारात गर्भस्थ हिमोग्लोबिन तुलनेने अधिक असते. त्यामुळे येथील आजार सौम्य असतो असा समज रूढ झाला, पण मध्य भारतातील अनेक रुग्णांचा अनुभव तसा नाही. म्हणजेच केवळ जनुक वाचून भागत नाही. पेशीत प्रत्यक्ष काय घडत आहे हे पाहावे लागते.

मेटॅबोलोमिक्सचे काम हेच. अन्नाचे ऊर्जेत रूपांतर होताना, पेशी घडताना व मोडताना शरीरात हजारो लहान रेणू निर्माण होतात. साखरा, अमिनो आम्ले, मेदाम्ले, लॅक्टेट, युरिया ही त्यांची परिचित उदाहरणे. या सर्व चयापचयी रेणूंच्या समुच्चयाला मेटॅबोलोम असे नाव १९९८ च्या सुमारास रूढ झाले. रक्त, लघवी वा पेशी यांतील असे शेकडो रेणू एकाच वेळी मोजून निरोगी आणि रुग्ण यांच्यातील फरक शोधणे म्हणजे मेटॅबोलोमिक्स. नमुना आधी क्रोमॅटोग्राफीच्या नळीतून सोडतात. तेथे निरनिराळे रेणू निरनिराळ्या वेळी बाहेर पडतात आणि मग मास स्पेक्ट्रोमीटर प्रत्येकाची नोंद करतो. जनुक काय घडू शकते ते सांगते. चयापचयी रेणू काय घडत आहे ते सांगतात.

सिकलसेलच्या संशोधनात या पद्धतीने एक अनपेक्षित धागा हाती दिला. अमेरिकेत ह्यूस्टन येथील संशोधकांनी २०११ मध्ये सिकलसेलग्रस्त उंदरांच्या रक्तातील रेणूंची अशी छाननी केली, तेव्हा अ‍ॅडिनोसिन वाढलेले आढळले. रुग्णांच्या रक्तातही तेच दिसले. अ‍ॅडिनोसिनमुळे तांबड्या पेशीत २,३-बायफॉस्फोग्लिसरेट हा रेणू वाढतो. या रेणूमुळे हिमोग्लोबिन प्राणवायू लवकर सोडते. निरोगी माणसाला हे उपकारक असते, कारण ऊतींना प्राणवायू अधिक मिळतो. सिकलसेलमध्ये मात्र प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिनच धागे विणते. शरीराने मदतीसाठी केलेली धडपडच आजार वाढवते, असा याचा अर्थ.

याच रेणूला लक्ष्य करून औषधांचा विचार सुरू झाला. पायरुवेट कायनेज हे विकर अधिक कार्यक्षम केले तर २,३-बायफॉस्फोग्लिसरेट कमी होते आणि पेशीतील ऊर्जा वाढते. या तत्त्वावरील मायटापिव्हॅट हे औषध पायरुवेट कायनेजच्या जन्मजात कमतरतेसाठी २०२२ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि सिकलसेलच्या रुग्णांवरही त्याच्या चाचण्या झाल्या. दुसरे उदाहरण ग्लुटामिन या अमिनो आम्लाचे. सिकल पेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण अधिक असतो, या निरीक्षणावरून ते पूरक म्हणून देण्यात आले. ४८ आठवड्यांच्या चाचणीत वेदनेच्या झटक्यांची मध्यम संख्या चारवरून तीनवर आली आणि २०१७ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. लाभ मर्यादित आहे, हे या आकड्यावरूनच स्पष्ट होते. आजही हायड्रॉक्सियुरिया हेच मुख्य औषध आहे. ते गर्भस्थ हिमोग्लोबिन वाढवते.

पुण्याचे उदाहरण

चयापचयी रेणू नेहमीच्या तपासणीत न दिसणारी गोष्ट कशी उघड करतात, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि नॉर्वेतील संशोधकांनी २००१ मध्ये पुणे परिसरातील २०४ स्त्री-पुरुषांच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध केला. जीवनसत्त्व बी-१२ कमी पडले की मिथाइलमॅलोनिक आम्ल आणि होमोसिस्टीन हे रेणू रक्तात साचतात. यांपैकी मिथाइलमॅलोनिक आम्लाच्या मोजणीसाठी मास स्पेक्ट्रोमेट्री हीच भरवशाची पद्धत मानली जाते. सुमारे तीन-चतुर्थांश व्यक्तींत या कमतरतेच्या चयापचयी खुणा आढळल्या. वरकरणी निरोगी भासणाऱ्या समाजात एक व्यापक उणीव दडलेली होती. माता-बालकांच्या पोषणावरील पुढील संशोधनाला या निष्कर्षांमुळे दिशा मिळाली.

शहरी वाचकाचाही या यंत्राशी नकळत संबंध येतो. मधुमेहींच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची जी चाचणी केली जाते, तिच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरणाची संदर्भ पद्धत बीटा साखळीच्या टोकाकडील तुकड्याच्या मास स्पेक्ट्रोमेट्रीवर आधारलेली आहे. सिकलसेलचा दोषही त्याच टोकाला असतो. त्यामुळे वाहक असलेल्या मधुमेहीची ही चाचणी काही पद्धतींनी चुकीचा आकडा देऊ शकते. खानदेशातील डॉक्टरांनी ही बाब लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

पाड्यापासून प्रयोगशाळेपर्यंत

मेटॅबोलोमिक्सचे यशापयश यंत्रापेक्षाही नमुन्यावर ठरते. रक्त शरीराबाहेर काढले तरी तांबड्या पेशी जिवंत असतात. सामान्य तापमानाला नळीतील रक्तातील ग्लुकोज ताशी ५ ते ७ टक्क्यांनी घटते आणि लॅक्टेट वाढते. २,३-बायफॉस्फोग्लिसरेटही साठवणीत कमी होत जाते. जळगावचा उन्हाळा ४५ अंशांच्या घरात जातो. सातपुड्यातील पाड्यावर सकाळी घेतलेली नळी बर्फाविना दुपारी तालुक्याला पोहोचली, तर यंत्र रुग्णाचा आजार न मोजता प्रवासाचा परिणाम मोजेल. म्हणून रक्त घेताच ते थंड करणे, त्यातील पेशी व द्रव वेगळे करणे आणि उणे ८० अंशांवर गोठवणे ही साखळी तुटू देता येत नाही. वाळवलेल्या थेंबाची पद्धत हिमोग्लोबिनच्या तपासणीस सोयीची असली तरी सर्व चयापचयी रेणूंना ती चालत नाही.

दुसरी काळजी आहाराची. केळ्यात सेरोटोनिन भरपूर असते. ती खाल्ल्यावर त्यापासून तयार होणारे एक आम्ल लघवीत वाढते. विशिष्ट अर्बुदांच्या निदानासाठी हेच आम्ल मोजतात. म्हणूनच त्या चाचणीपूर्वी दोन-तीन दिवस केळी वर्ज्य करण्यास सांगतात. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात केलेल्या अभ्यासात रुग्णाने आदल्या दिवशी काय खाल्ले याची नोंद नसेल, तर बागेतील पीकच आजाराचे चिन्ह म्हणून पुढे येऊ शकते. दादर ज्वारीची भाकरी, तंबाखू, दुखण्यावर घेतलेल्या गोळ्या, दिवसभराच्या मजुरीनंतरची पाण्याची कमतरता यांचेही ठसे रक्तात उमटतात. त्यामुळे तुलना करायची ती त्याच गावातील, त्याच वयाच्या आणि तेच अन्न खाणाऱ्या निरोगी व्यक्तींशी. परदेशातील रुग्णांचे आकडे येथे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

यंत्राच्या मर्यादा

मास स्पेक्ट्रोमीटरचे आकडे अचूक असले तरी त्यांचा अर्थ आपोआप लागत नाही. काही हिमोग्लोबिन दोषांत वस्तुमानाचा फरक केवळ एका एककाचा असतो. अखंड साखळीच्या वजनावरून तो सुटू शकतो आणि तुकडे करूनच पाहावे लागते. बीटा थॅलेसेमियात साखळीचे वजन बहुधा बदलतच नाही, तिचे प्रमाण घटते. शेकडो रेणू एकाच वेळी मोजले की त्यांतील काही केवळ योगायोगानेही कमी-अधिक दिसतात. म्हणून पहिल्या गटात मिळालेला निष्कर्ष दुसऱ्या, स्वतंत्र गटात पडताळावा लागतो.

अहवालातील आकडा सुधारला म्हणजे रुग्ण सुधारला असेही नव्हे. व्होक्सेलोटर हे औषध हिमोग्लोबिन वाढवते म्हणून २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले होते. पुढील अभ्यासांत वेदनेचे झटके आणि मृत्यू यांविषयी चिंता निर्माण झाल्याने सप्टेंबर २०२४ मध्ये उत्पादकाने ते जगभरातून मागे घेतले.

खानदेशात काय शक्य आहे?

अशी यंत्रे कोट्यवधी रुपयांची असतात. त्यांना अखंड वीज, शुद्ध वायू आणि प्रशिक्षित हात लागतात. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ती बसवणे व्यवहार्य नाही आणि आवश्यकही नाही. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि मुंबईची आयआयटी येथे प्रगत मास स्पेक्ट्रोमेट्रीची सोय आहे. रक्तविकारांच्या अभ्यासाला वाहिलेली राष्ट्रीय संस्था मुंबईत परळ येथे आहे. धुळे आणि जळगाव या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेले आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणारे जळगावचे विद्यापीठ, तसेच शिरपूरचे १९९२ पासूनचे आर. सी. पटेल औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय येथे विश्लेषणशास्त्राचे शिक्षण दिले जाते. रुग्ण एका ठिकाणी, यंत्र दुसऱ्या ठिकाणी आणि मनुष्यबळ तिसऱ्या ठिकाणी, अशी ही स्थिती आहे. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे नीट घेतलेला, नीट नोंदलेला आणि थंड ठेवलेला नमुना. हे काम तालुक्याच्या ठिकाणी, माफक खर्चात होऊ शकते.

त्याचबरोबर रक्त देणाऱ्याचा हक्कही सांभाळला पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनासाठी नमुना देणाऱ्याची समजून-उमजून दिलेली संमती आवश्यक आहे. ती संमती पावरी, भिली किंवा अहिराणीत समजावून घेतली तरच तिला अर्थ आहे. वाहक असल्याची माहिती बाहेर फुटली तर मुलीच्या लग्नात अडथळा येण्याची भीती कुटुंबांना वाटते. ती गोपनीय ठेवणे हाही संशोधनाचाच भाग होय. वाहक असणे हा आजार नव्हे, हे समुपदेशकाने सांगितले पाहिजे. त्याचबरोबर दोन वाहकांनी विवाहापूर्वी वा गर्भारपणाच्या सुरुवातीस सल्ला घ्यावा, हेही त्याने समजावले पाहिजे.

तीस एककांचा तो फरक आज क्षणात मोजता येतो. त्या मोजणीपासून शिरपूर वा चोपड्याच्या डोंगराळ भागातील बाळाला मिळणाऱ्या पेनिसिलिनच्या मात्रेपर्यंतचे अंतर मात्र यंत्राने कमी होत नाही. त्यासाठी आरोग्यसेविका, शीतपेटी, वेळेवर परत येणारा अहवाल आणि उपकेंद्रातील औषधसाठा यांची साखळी लागते. मेटॅबोलोमिक्सने उद्या या आजाराची आणखी रहस्ये उलगडली, तरी त्यांचा लाभ याच साखळीतून रुग्णापर्यंत पोहोचणार आहे.